गतिनियम व सामान्य प्रेरणा

गतिनियम व सामान्य प्रेरणा : पदार्थाची गती आणि त्या पदार्थावर क्रिया करणाऱ्या प्रेरणा यांचा परस्परसंबंध सांगणाऱ्या तीन मूलभूत नियमांना गतिनियम म्हणतात. सर आयझॅक न्यूटन (१६४२–१७२७) यांनी १६८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि प्रिन्सिपिया या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या आपल्या लॅटिन ग्रंथात ते सूत्ररूपाने मांडले. स्थिर पदार्थाला गती देणारे अथवा गतिमान पदार्थाच्या वेगाचे मूल्य किंवा दिशा बदलणारे जे कारण, त्यास प्रेरणा (शालेय पुस्तकांतील ‘बल’) असे म्हणतात. वेगात बदल होण्याच्या त्वरेस प्रवेग (त्वरण) म्हणतात. वेग, प्रवेग व प्रेरणा या राशींना मूल्याबरोबर दिशाही असते, म्हणजेच त्या सदिश राशी आहेत.

गती टिकून राहण्यासाठी प्रेरणेची गरज नसते. गतीत बदल होण्यासाठी ती लागते, हे या नियमांचे सार होय. वरवर पाहता ते नित्याच्या अनुभवाशी विसंगत वाटते व म्हणूनच ते स्पष्ट होण्यास सुमारे दोन हजार वर्षे लागली. गाडी थांबण्यास किती अंतर लागेल, दोर किती भार पेलेल, मातीचा ढीग केव्हा घसरेल या प्रश्नांची उत्तरे या नियमांवरच अवलंबून असल्याने त्यांविषयीच्या गैरसमजाची किंमत पुष्कळदा जिवाने मोजावी लागते.

प्रस्तुत नोंदीतील उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्राच्या भंडारा जिल्ह्यातील तुमसर परिसरातून घेतली आहेत. तालुक्याचे हे ठिकाण तांदळाची बाजारपेठ व भातगिरण्या यांसाठी प्रसिद्ध आहे. तालुक्यात डोंगरी बुजुर्ग येथे मँगॅनिजाची उघडी खाण व चिखला येथे भूमिगत खाण आहे. मुंबई–नागपूर–हावडा लोहमार्गावरील तुमसर रोड या प्रस्थानकापासून निघणारा फाटा तुमसर गावावरून मध्य प्रदेशातील तिरोडीकडे जातो. शेती, गिरणी, खाण व लोहमार्ग यांमुळे गतीचे बहुतेक सर्व सामान्य प्रकार येथे एकत्र पाहावयास मिळतात.

ऐतिहासिक : बैल ओढीत आहेत तोवर गाडी चालते आणि ते थांबले की गाडीही थांबते. अशा अनुभवांवरून ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) यांनी असा निष्कर्ष काढला होता की, पदार्थ चालता ठेवण्यासाठी त्याला सतत ढकलणारे किंवा ओढणारे काहीतरी असावे लागते. मग धनुष्यापासून सुटलेला बाण पुढे का जातो, ही या मताची मोठी अडचण होती. भारतीय वैशेषिक दर्शनात या प्रश्नाचा स्वतंत्र विचार झालेला आढळतो. बाणाची पहिली हालचाल धक्क्याने (नोदनाने) होते, त्या हालचालीने बाणात वेग नावाचा संस्कार उत्पन्न होतो व तो बाणाला पुढे नेतो आणि तो संस्कार संपला की गुरुत्वामुळे बाण खाली पडतो, असे त्यात प्रतिपादन केले आहे. यूरोपात सहाव्या शतकात फिलोपोनस व चौदाव्या शतकात झां ब्यूरिदां यांनी मांडलेली मते याच धर्तीची होती. मात्र या विचारांत राशींचे मापन व गणिती संबंध नसल्याने त्यांना गतिनियमांचे पूर्वरूप म्हणता येईल, गतिनियम म्हणता येणार नाही.

पहिले आर्यभट यांनी आर्यभटीय (४९९) या ग्रंथात दिलेला नावेचा दृष्टांतही येथे लक्षात घेण्याजोगा आहे. पुढे जाणाऱ्या नावेतील माणसाला काठावरील स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, त्याचप्रमाणे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, असे त्यांनी म्हटले आहे. गती ही नेहमी कशाच्या तरी सापेक्ष असते, ही यामिकीतील मूलभूत कल्पना या दृष्टांतात आहे.

गॅलिलीओ (१५६४–१६४२) यांनी उतरत्या पृष्ठांवरून गोळे सोडून केलेल्या प्रयोगांनी या विषयाला निराळे वळण लागले. उतारावरून येणाऱ्या गोळ्याचा वेग वाढतो व चढावर तो कमी होतो. तेव्हा पूर्णपणे आडव्या व गुळगुळीत पृष्ठावर तो वाढूही नये व कमीही होऊ नये, असा तर्क त्यांनी केला. रने देकार्त (१५९६–१६५०) यांनी ही निरूढ गती सरळ रेषेतच असते हे स्पष्ट केले आणि क्रिस्तीआन हायगेन्झ (१६२९–९५) यांनी टकरींचा व वर्तुळाकार गतीचा अभ्यास केला. या सर्वांचे कार्य न्यूटन यांनी तीन नियमांत एकत्र गुंफले.

पहिला नियम : बाह्य प्रेरणांची परिणामी (सर्व मिळून) क्रिया शून्य असेल, तर स्थिर पदार्थ स्थिरच राहतो आणि गतिमान पदार्थ एकविध वेगाने सरळ रेषेत जात राहतो. पदार्थाच्या या गुणधर्मास निरूढी (जडत्व) म्हणतात व म्हणून या नियमास निरूढीचा नियम असेही म्हणतात.

गॅलिलीओ यांचा तर्क आकड्यांनी चांगला स्पष्ट होतो. धातुकाने (धातूच्या कच्च्या खनिजाने) भरलेली एक पेटी सेकंदास २ मी. वेगाने ढकलून सोडून दिली, असे समजू. पेटी जमिनीवरून घासत जात असेल व तिला होणारा विरोध तिच्या वजनाच्या निम्मा असेल, तर ती सुमारे ४० सेंमी. जाऊन थांबेल. तीच पेटी चाकांच्या गाडीवर ठेवून विरोध वजनाच्या एकदशांशावर आणला, तर ती सुमारे २ मी. जाईल. खाणीत रुळांवरून ढकलतात तशा डबागाडीत ठेवून विरोध एकशतांश केला, तर सुमारे २० मी. जाईल. तिन्ही वेळी मुळात दिलेली गती एकच आहे; बदलला तो केवळ विरोध. विरोध जसजसा कमी करावा तसतशी गाडी अधिकाधिक दूर जाते. तो शून्य झाला, तर तिने कोठेच थांबण्याचे कारण उरत नाही. बैलगाडी थांबते ती ओढणे बंद झाले म्हणून नव्हे, तर घर्षण ही प्रेरणा तिला थांबविते म्हणून. एकविध वेगाने चाललेल्या गाडीत बैलांची ओढ व घर्षणाचा विरोध परस्परांना तोलून धरतात.

या नियमामुळे एका जुन्या शंकेचेही निरसन होते. तुमसरच्या अक्षांशावर (सुमारे २१·४° उ.) पृथ्वीच्या परिवलनामुळे जमिनीवरील प्रत्येक वस्तू सेकंदाला सुमारे ४३० मी. वेगाने पूर्वेकडे जात असते. असे असूनही झाडावरून सुटलेले फळ पश्चिमेस दूर जाऊन न पडता झाडाखालीच पडते. याचे कारण देठ तुटण्यापूर्वीच फळाला हा वेग असतो व तो काढून घेणारी प्रेरणा नसते. चालत्या गाडीत वर फेकलेले नाणे पुन्हा हातात पडते ते याच कारणाने.

ज्या संदर्भ व्यूहात (स्थान व गती मोजण्यासाठी घेतलेल्या चौकटीत) पहिला नियम लागू पडतो, त्यास निरूढी संदर्भ व्यूह म्हणतात. गाडीला अचानक गतिरोधक लावला म्हणजे आतील उभा माणूस पुढे फेकला जातो. त्याला पुढे ढकलणारे कोणीही नसते. गाडीचा वेग कमी होतो, परंतु त्याचे शरीर आपला पूर्वीचा वेग कायम राखते एवढेच. पहिल्या नियमाच्या दृष्टीने मोटारगाडीतील आसनपट्ट्याचे कार्य प्रवाशाचा वेग कमी करणारी प्रेरणा पुरविणे हे आहे. पट्टा नसेल, तर ती प्रेरणा समोरची काच पुरविते.

दुसरा नियम : पदार्थाचे द्रव्यमान व वेग यांच्या गुणाकारास संवेग म्हणतात. संवेग बदलण्याची त्वरा ही परिणामी प्रेरणेच्या सम प्रमाणात असते व हा बदल प्रेरणेच्या दिशेने होतो. द्रव्यमान स्थिर असेल, तर हा नियम पुढील सोप्या रूपात येतो : प्रेरणा = द्रव्यमान × प्रवेग. १ किग्रॅ. द्रव्यमानाच्या पदार्थात १ मी./से.² इतका प्रवेग निर्माण करणाऱ्या प्रेरणेस १ न्यूटन म्हणतात. हे नाव वजने व मापे यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९४८ मध्ये स्वीकारले. सुमारे १०० ग्रॅ. वजनाचा पदार्थ तळहातावर धरला असता हाताला जाणवणारा भार जवळजवळ एवढा असतो.

द्रव्यमान हे निरूढीचे माप आहे. पूर्व विदर्भातील शंकरपटाच्या शर्यतीत अगदी हलकी गाडी वापरतात, कारण बैलांची ओढ तेवढीच असता द्रव्यमान जितके कमी तितका प्रवेग अधिक मिळतो. याउलट, पायरोलूसाइटासारख्या मँगॅनीज खनिजाची घनता पाण्याच्या चार ते पाच पट असल्यामुळे धातुकाने भरलेले वाहन तेवढ्याच आकारमानाच्या मातीने भरलेल्या वाहनापेक्षा पुष्कळ जड असते. ते चालू करणे जसे कठीण तसे थांबविणेही कठीण असते.

थांबण्याच्या अंतराचे गणित या नियमावरून सहज करता येते. एकविध मंदन (ऋण प्रवेग) असल्यास हे अंतर वेगाच्या वर्गाच्या सम प्रमाणात असते, म्हणजे वेग दुप्पट झाल्यास अंतर चौपट होते. ताशी ७२ किमी. (सेकंदास २० मी.) वेगाने जाणाऱ्या मोटारगाडीची चाके व कोरडा डांबरी रस्ता यांमधील घर्षणांक ०·७ धरल्यास ती सुमारे ३० मी. अंतरात थांबू शकते. ओल्या रस्त्यावर घर्षणांक ०·४ झाल्यास हे अंतर सुमारे ५० मी. होते. चालकाला धोका जाणवून त्याचा पाय गतिरोधकावर पडेपर्यंतच्या एका सेकंदात आणखी २० मी. अंतर कापले जाते. त्याच वेगाने येणाऱ्या आगगाडीचे मंदन ०·४ मी./से.² असेल, तर तिला थांबण्यास ५०० मी. अंतर व ५० सेकंद लागतील. समपातळीच्या फाटकावर अडथळा दिसल्यावर एंजिनचालकाने तत्काळ गतिरोधक लावले, तरी गाडी फाटकाच्या अलीकडे थांबेलच असे नाही. म्हणून तेथील सर्व सुरक्षा व्यवस्था गाडी थांबणार नाही असे गृहीत धरूनच करावी लागते.

प्रेरणा व तिचा क्रियाकाल यांच्या गुणाकारास आवेग म्हणतात व तो संवेगातील बदलाइतका असतो. ६० किग्रॅ. द्रव्यमानाच्या हमालाने सुमारे १·२५ मी. उंचीच्या मालमोटारीवरून उडी टाकली, तर जमिनीशी त्याचा वेग सेकंदास सुमारे ५ मी. असतो. पाय ताठ ठेवल्यामुळे हा वेग ०·०२ सेकंदात नाहीसा झाला, तर पायांवर सरासरी सुमारे १५,००० न्यूटन प्रेरणा येईल. गुडघे वाकवून तोच काल ०·३ सेकंद केला, तर (वजनाची भर वगळता) ती सुमारे १,००० न्यूटन होईल. दोन्ही वेळी संवेगातील बदल तेवढाच आहे, परंतु पहिल्या वेळी हाड मोडण्याचा संभव असतो व दुसऱ्या वेळी तो नसतो. आगगाडीच्या डब्यांमधील धक्काशोषक व शिरस्त्राणातील मऊ अस्तर यांचे कार्यही काल वाढविणे हेच आहे.

तिसरा नियम : एका पदार्थाने दुसऱ्यावर प्रेरणा लावली असता दुसराही पहिल्यावर तितक्याच मूल्याची व विरुद्ध दिशेची प्रेरणा लावतो. यांना क्रिया व प्रतिक्रिया म्हणतात. नाव लोटणारा नावाडी वैनगंगेच्या तळावर बांबू टेकवून मागे रेटतो, तेव्हा तळ त्याला पुढे रेटतो.

हा नियम शब्दांत सोपा असला, तरी त्याचा अर्थ लावताना चूक होण्याचा संभव असतो. बैल गाडीला जितक्या प्रेरणेने पुढे ओढतात तितक्याच प्रेरणेने गाडी बैलांना मागे ओढीत असेल, तर दोन्ही प्रेरणा एकमेकींना छेदून गाडी जागीच का राहत नाही, अशी शंका नेहमी घेतली जाते. या दोन प्रेरणा दोन वेगळ्या पदार्थांवर क्रिया करतात, हे तिचे उत्तर होय. एकट्या गाडीचा विचार केल्यास तिच्यावर पुढे बैलांची ओढ व मागे जमिनीचे घर्षण अशा आडव्या प्रेरणा आहेत; ओढ अधिक असेल तर गाडीला प्रवेग मिळेल. बैलांचा विचार केल्यास ते खुरांनी जमीन मागे रेटतात व जमीन त्यांना पुढे रेटते. हा रेटा गाडीच्या मागील ओढीपेक्षा अधिक असेल तर तेही पुढे जातील. चिखलात खूर घसरू लागले की जमिनीचा रेटा कमी पडतो व धष्टपुष्ट बैलजोडीही हतबल होते. म्हणून कोणताही प्रश्न सोडविताना प्रथम एक पदार्थ मनाने वेगळा काढावा आणि त्याच्यावर क्रिया करणाऱ्या प्रेरणा तेवढ्या मांडाव्यात, असा यामिकीतील प्रघात आहे.

ओट्यावर ठेवलेल्या धान्याच्या पोत्याचे वजन व ओट्याने त्यावर लावलेली वरच्या दिशेची प्रेरणा या समान व विरुद्ध असतात, पण ती क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नव्हे, कारण दोन्ही एकाच पदार्थावर क्रिया करतात. पृथ्वी पोत्याला खाली ओढते याची प्रतिक्रिया म्हणजे पोते पृथ्वीला वर ओढते ही होय.

तिसऱ्या नियमावरून संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम मिळतो : बाह्य प्रेरणा नसल्यास पदार्थसमूहाचा एकूण संवेग कायम राहतो. अग्निबाण वायू मागे फेकून स्वतः पुढे जातो तो या नियमानुसार. त्यासाठी त्याला हवेचा आधार लागत नाही.

सामान्य प्रेरणा : निसर्गात गुरुत्वीय, विद्युत् चुंबकीय, प्रबल व दुर्बल अशा चार मूलभूत परस्परक्रिया मानल्या जातात. त्यांपैकी शेवटच्या दोन अणुकेंद्रापुरत्या मर्यादित असतात. व्यवहारात आढळणाऱ्या प्रेरणांपैकी वजन ही गुरुत्वीय असून घर्षण, ताण, पृष्ठाचा रेटा इ. स्पर्शजन्य प्रेरणा मुळात अणुरेणूंमधील विद्युत् चुंबकीय परस्परक्रियांतून व द्रव्याच्या पुंजीय गुणधर्मांतून उद्‌भवतात.

(१) वजन : पृथ्वी पदार्थाला ज्या प्रेरणेने स्वतःकडे ओढते त्या प्रेरणेस वजन म्हणतात. ते द्रव्यमान व गुरुत्वीय प्रवेग यांच्या गुणाकाराइतके असते. हा प्रवेग विषुववृत्ताशी सुमारे ९·७८, ध्रुवांशी सुमारे ९·८३ व तुमसरच्या अक्षांशावर सुमारे ९·७९ मी./से.² असतो. स्थूल गणितात ९·८ ही किंमत घेतात. दोन पारड्यांचा तराजू द्रव्यमानांची तुलना करतो, तर स्प्रिंगचा काटा वजन मोजतो. चंद्रावर गुरुत्वीय प्रवेग पृथ्वीवरील प्रवेगाच्या सुमारे एकषष्ठांश असल्याने स्प्रिंगच्या काट्यावर पोते हलके भरेल, पण तराजूत तेवढेच भरेल व भिंतीवर आदळल्यास तितकाच धक्का देईल [→ गुरुत्वाकर्षण].

(२) लंब प्रतिक्रिया : पदार्थ ज्या पृष्ठावर टेकलेला असतो ते पृष्ठ त्याच्यावर काटकोनात जी प्रेरणा लावते तिला लंब प्रतिक्रिया म्हणतात. तिचे मूल्य आधीपासून ठरलेले नसते. पृष्ठात शिरण्यापासून पदार्थाला रोखण्यास जेवढी लागेल तेवढी ती असते. उतारावर ती वजनापेक्षा कमी असते.

(३) घर्षण : एकमेकांना टेकलेली पृष्ठे परस्परांवरून सरकण्यास जो विरोध करतात त्यास घर्षण म्हणतात. सरकण्याच्या बेतात असताना ते कमाल असते व लंब प्रतिक्रियेच्या सम प्रमाणात असते. या प्रमाणास घर्षणांक म्हणतात. गीयोम आमाँताँ यांनी १६९९ मध्ये व शार्ल कुलंब यांनी १७८५ मध्ये घर्षणाचे हे नियम मांडले. ते प्रायोगिक असून काटेकोर नाहीत, परंतु व्यवहारास पुरेसे आहेत.

घर्षण हे केवळ विरोधक नव्हे. घर्षणावाचून चालता येणार नाही, गाठ टिकणार नाही व आगगाडी हलणार नाही. एंजिन कितीही शक्तिमान असले, तरी त्याची चाके व रूळ यांमधील घर्षणापेक्षा अधिक ओढ ते लावू शकत नाही. १२० टन द्रव्यमानाच्या एंजिनाच्या सर्व चाकांना शक्ती मिळत असेल व घर्षणांक ०·३ असेल, तर कमाल ओढ सुमारे ३५३ किलोन्यूटन होईल. धातुकाने भरलेल्या गाडीचे एंजिनासह द्रव्यमान ३,००० टन व मार्गाचा विरोध वजनाच्या ०·००२ पट धरल्यास सपाट मार्गावर ०·०५ मी./से.² इतक्या प्रवेगासाठी सुमारे २०९ किलोन्यूटन ओढ लागेल. २०० मी. अंतरात १ मी. इतकाच चढ असला, तरी त्यात सुमारे १४७ किलोन्यूटनांची भर पडून एकूण ३५६ किलोन्यूटन होतील व चाके जागच्या जागी फिरू लागतील. डोळ्यांना जेमतेम जाणवणारा चढ लोहमार्गावर एवढा महत्त्वाचा ठरतो. चाकांपुढे रुळांवर वाळू सोडून घर्षण वाढविणे किंवा दुसरे एंजिन जोडणे हे उपाय अशा वेळी योजतात.

धान्याच्या ढिगाचा उतारही घर्षणावरच ठरतो. अंगणात साळीची रास ओतली असता एका ठराविक कोनापर्यंत उतार वाढतो. त्यापुढे ओतलेले दाणे घरंगळून रास फक्त रुंद होते. या कोनास विराम कोन म्हणतात. उतारावर दाण्याला खाली ओढणारा वजनाचा घटक जेव्हा कमाल घर्षणाइतका होतो, तेव्हा हा कोन गाठला जातो. तो ३५° असल्यास दाण्यादाण्यांमधील घर्षणांक सुमारे ०·७ येतो. उघड्या खाणीत काढून टाकलेल्या माती-दगडांच्या ढिगाऱ्यांना हेच तत्त्व लागू पडते. पावसाचे पाणी ढिगाऱ्यात मुरले की एकीकडे त्याचे वजन वाढते व दुसरीकडे कणांमधील पाण्याचा दाब कणांना अलग रेटून त्यांवरील लंब प्रतिक्रिया कमी करतो. परिणामी घर्षण घटते व उन्हाळ्यात सुरक्षित असलेला उतार पावसाळ्यात घसरतो. म्हणून खाणीच्या कडा पायऱ्यापायऱ्यांनी कापणे, ढिगाऱ्यांची उंची व उतार मर्यादित ठेवणे व पाण्याला वाट करून देणे आवश्यक असते.

(४) ताण : ताणलेल्या दोराने किंवा साखळीने पदार्थावर लावलेल्या ओढीस ताण म्हणतात. भूमिगत खाणीत उभ्या कूपकातून माणसे व धातुक यांची ने-आण करणाऱ्या पिंजऱ्याच्या दोरातील ताण हे याचे उत्तम उदाहरण होय. भरलेल्या पिंजऱ्याचे द्रव्यमान २,००० किग्रॅ. असल्यास तो स्थिर असताना किंवा एकविध वेगाने वर वा खाली जात असताना ताण १९,६०० न्यूटन असतो. तो १ मी./से.² प्रवेगाने वर निघताना ताण २१,६०० न्यूटन होतो व वर येऊन त्याच मंदनाने थांबताना १७,६०० न्यूटन होतो. खाली उतरणारा पिंजरा अचानक ५ मी./से.² मंदनाने थांबविला, तर ताण २९,६०० न्यूटन म्हणजे स्थिर भाराच्या दीडपट होतो. दोर तुटण्याचा संभव पिंजरा किती वेगाने चालला आहे यापेक्षा त्याचा वेग किती झटक्याने बदलला जातो यावर अवलंबून असतो. म्हणून दोराची क्षमता नेहमीच्या भाराच्या अनेक पट ठेवतात व त्याची नियमित तपासणी करतात. भारतात खाणींतील अशा व्यवस्थांवर धनबाद येथील खाण सुरक्षा महानिदेशालय देखरेख ठेवते.

याच पिंजऱ्यात ६० किग्रॅ. द्रव्यमानाचा माणूस काट्यावर उभा असेल, तर स्थिर स्थितीत काटा ५८८ न्यूटन दाखवील, वर निघताना ६४८ व वर थांबताना ५२८ दाखवील. माणसावरील पृथ्वीची ओढ मुळीच बदललेली नसते. बदलते ती तळाची लंब प्रतिक्रिया आणि तीच वजन म्हणून जाणवते. पिंजरा मुक्तपणे पडू लागल्यास काटा शून्य दाखवील. कृत्रिम उपग्रहातील प्रवाशांना जाणवणारी वजनरहित अवस्था हीच होय. तेथेही गुरुत्वाकर्षण असतेच.

(५) स्थितिस्थापक प्रेरणा : रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार स्प्रिंगमधील पूर्वस्थितीवर आणणारी प्रेरणा विशिष्ट मर्यादेपर्यंत तिच्या लांबीतील बदलाच्या सम प्रमाणात असते. स्प्रिंगचा काटा या नियमावर आधारलेला आहे.

(६) द्रायूचा रोध व उत्प्लावन : हवा व पाणी यांसारखे द्रायू (द्रव व वायू) त्यांतून जाणाऱ्या पदार्थाला विरोध करतात व तो वेगाबरोबर वाढतो. पडणाऱ्या पदार्थावरील रोध त्याच्या वजनाइतका झाला की परिणामी प्रेरणा शून्य होऊन तो पहिल्या नियमानुसार एकविध वेगाने पडत राहतो. या वेगास अंतिम वेग म्हणतात. सुपातून धान्य उफणताना हेच तत्त्व उपयोगी पडते. कोंडा पृष्ठभागाच्या मानाने हलका असल्याने त्याचा अंतिम वेग कमी असतो, तो सावकाश पडतो व वारा त्याला दूर नेतो. भरलेला दाणा वेगाने जवळच पडतो. याशिवाय द्रायूत बुडालेल्या पदार्थावर त्याने बाजूस सारलेल्या द्रायूच्या वजनाइतकी वरच्या दिशेची उत्प्लावक प्रेरणा असते (आर्किमिडीज यांचे तत्त्व). लाकडी नाव पाण्यावर तरते ती हिच्यामुळे. जड धातुक व त्यात मिसळलेले हलके खडे पाण्यात हलवून वेगळे करता येतात, यामागेही उत्प्लावन व रोध यांचीच क्रिया असते.

वर्तुळाकार गती व आभासी प्रेरणा : वळणावरून जाणाऱ्या पदार्थाची चाल कायम असली, तरी त्याच्या वेगाची दिशा बदलत असल्याने त्याला वर्तुळाच्या केंद्राकडे प्रवेग असतो व तो देणारी अभिकेंद्री प्रेरणा लागते. ही प्रेरणेची निराळी जात नसून ताण, घर्षण, गुरुत्वाकर्षण किंवा लंब प्रतिक्रिया यांपैकी एखादी हे काम करते. हा प्रवेग चालीच्या वर्गास त्रिज्येने भागून मिळतो. सेकंदास १५ मी. चालीने ५०० मी. त्रिज्येच्या वळणावरून जाणाऱ्या आगगाडीस तो ०·४५ मी./से.² इतका लागतो. तो सर्व लंब प्रतिक्रियेपासून मिळावा म्हणून बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा उंच ठेवतात. रुंदमापी मार्गावर रुळांच्या मध्यरेषांमधील अंतर सुमारे १·७५ मी. धरल्यास ही उंची सुमारे ८ सेंमी. येते. गाडीची चाल याहून पुष्कळ अधिक असल्यास उरलेली प्रेरणा बाहेरच्या रुळाला चाकाच्या कडेवर लावावी लागते. ती त्याला न पेलल्यास गाडी रुळांवरून उतरते.

वळणावर प्रवाशाला आपण बाहेर फेकले जात आहोत असे वाटते. जमिनीवरील निरीक्षकाच्या दृष्टीने प्रवासी सरळ जाऊ पाहत असतो व गाडी वळत असते. त्याला बाहेर ढकलणारी प्रेरणा नसते. गाडीच्या प्रवेगी संदर्भ व्यूहात राहूनच गणित करावयाचे असल्यास मात्र केंद्रोत्सारी प्रेरणा कल्पावी लागते. तिला आभासी प्रेरणा म्हणतात, कारण ती लावणारा पदार्थ दाखविता येत नाही व म्हणून तिला तिसऱ्या नियमातील प्रतिक्रियाही नसते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने तिचाही संदर्भ व्यूह काटेकोरपणे निरूढी नाही. मोठ्या प्रमाणावरील वारे व सागरी प्रवाह यांचे मार्ग वळलेले आढळतात, ते कोरिऑलिस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशाच आभासी प्रेरणेमुळे.

मर्यादा : पदार्थाचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या (सेकंदास सुमारे ३,००,००० किमी.) तुलनेने लहान नसेल, तर प्रवेगाचे सूत्र लागू पडत नाही व अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या १९०५ मधील विशिष्ट सापेक्षता सिद्धांताचा अवलंब करावा लागतो. प्रबल गुरुत्वाकर्षणाच्या क्षेत्रात त्यांचा १९१५ मधील व्यापक सापेक्षता सिद्धांत आणि अणूइतक्या सूक्ष्म पातळीवर पुंजयामिकी यांचा उपयोग करतात. संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम मात्र, संवेगाची व्याख्या योग्य रीतीने व्यापक केल्यास, या सर्व क्षेत्रांत टिकून राहतो. ताशी ७२ किमी. वेगाच्या आगगाडीच्या बाबतीत न्यूटन यांचे नियम व सापेक्षता सिद्धांत यांच्या उत्तरांतील फरक शंभर अब्जांशाहूनही कमी असल्याने गाड्या, पूल, यंत्रे व खाणी यांच्या अभिकल्पासाठी (आराखड्यासाठी) न्यूटन यांचे गतिनियमच वापरले जातात.